धाकू गुरवाचं कोंबड्याशी वैर

धाकू गुरव कोंबड्याचं तोंड बघायचा नाय. परगावी वाटंत कोंबडा आडवा आला तर भाऊबंदकीतला मानूस दिसावा तसा तोंड फिरवून उभा ऱ्हायचा, तो पार निघून जाईपर्यंत. कोंबडीचं त्याला काय नाय. कोंबडीला वाट द्यायचा, "जा बाय, तुझा काय गुन्हा" म्हनायचा. पिल्लांना दाने टाकायचा. पन त्याच पिल्लाला तुरा फुटला का त्या दिसापासनं बोलनं बंद.

ह्याचं कारन आमच्या गावात शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. तुमाला नसंल म्हून सांगतो.

आमचं गाव कातळशेत. खालापुरातनं डोंगराच्या अंगाला चालत निघालं तर दोन बिड्या वढून होतात, तिसरी पेटवावी तर गाव येतं. गावाच्या वर कातळावर म्हादेवाचं देऊळ हाय. ते पांडवांनी बांधलं, एका रातीत. वनवासात फिरत फिरत हिकडं आले तवा कुंतीमाय हटून बसली, का म्हादेवाची पूजा केल्याबिगर मी पानी पिनार नाय. मंग काय, पाची भाऊ लागले कामाला. भीम डोंगरावरनं चिरे आनतोय, अर्जुन रचतोय. पन उजाडायच्या आत पुरं झालं पायजे, कारन कोनी बघितलं तर वनवास पुन्ना पहिल्यापासनं. गाभारा झाला, मंडप झाला, शिखराचे चार थर चढले. भीम कळसाचा धोंडा खांद्यावर घेऊन वर येत व्हता आन कोंबडा आरवला. भीमानं धोंडा टाकला तितंच आन पाची जन गेले पळून. म्हून आमच्या देवळाला शिखर अर्धं आन कळस नाय.

तो धोंडा अजून पडलाय. कुठं म्हनाल तर माझ्या शेतात.

माझ्या बापानं, आज्यानं त्याला वळसा घालून नांगर हाकला. शेत आदीच घोंगडीयेवढं, त्यात मधोमध भीमाची वस्तू. एकदा बायको म्हनाली, अवो, तेवढ्या जागंत पायलीभर भात होईल. मी पहार घेऊन गेलो. धोंडा हलला नाय, पहार वाकली आन माझी कंबर धरली ती आठ दिस सुटली नाय. धाकूनाना बघायला आला. माझ्याकडं न बघता बायकोला म्हनाला, "भीमानं टाकलेलं हा उचलनार. ह्याला आदी भात वाढ."

तर त्या राती आरवला म्हून आमच्या गावात कोंबडा पाळायचा नाय, हा रिवाज. कोंबड्या चालतात. त्यांना पिल्लं व्हावीत म्हून बायका त्यांना डालग्यात घालून वरच्या ठाकरवाडीत चार दिस सासरी पाठवतात आन परत आनतात. कुनाच्या पिल्लात नर निघाला तर तुरा दिसला का तोबी जातो वाडीत. हे समदं बघायचं काम कुनी दिलं नव्हतं तरी धाकूनाना करायचा. सकाळचा गावातनं एक फेरा, खुराड्याखुराड्यात डोकावून.

आता ही पांडवांची गोष्ट गावात समद्यांना येते. पन धाकूनाना सांगायचा ती येगळी. तो तितं हजर असल्यासारखा सांगायचा. अर्जुनाचं काम लई साफ, पन हात संथ. भीमाला त्या दिसात खोकला व्हता. सहदेव नुस्ताच मुहूर्त बघत बसला व्हता, नायतर चार चिरे त्यानंबी आनले असते तर काम झालं असतं. खालापूरच्या शाळंतले मास्तर एकदा आले, त्यांनी इचारलं, गुरव, हे किती वर्सांमागं झालं? धाकूनानानं लई इचार केला. मंग म्हनाला, आमचा आजा ल्हान असंल तवा.

आन गोष्ट संपली का एक मोठा श्वास टाकून म्हनायचा, "थोडक्यात ऱ्हायलं."

हे त्याचं समद्यालाच लागू. कुनाच्या पोरीचं जमलेलं लगीन मोडलं, थोडक्यात ऱ्हायलं. बैल इकायला नेला आन गिऱ्हाईक परत गेलं, थोडक्यात ऱ्हायलं. माझा बाप नव्वदीला येऊन गेला तर मयताला आला आन म्हनाला, थोडक्यात ऱ्हायलं गन्या. मी रडता रडता हसलो, आन माझ्या चुलत्यानं सगळ्यांदेखत माझ्या पाठीत घातला. धाकूनानाला कोन काय म्हनालं नाय.

दिसायला म्हनाल तर काटकी. डोईला फडकं, अंगात बंडी, गळ्यात रुद्राक्षाचा एक मनी, बाकीचे तुटून गेलेले. बायको मानमोडीच्या साथीत गेली. मूल नव्हतंच. साथ सरल्यावर त्यानं खालच्या आळीतलं घर लोटून घेतलं आन घोंगडी घेऊन देवळात ऱ्हायला आला. बापाच्या आज्यापासनं देवाची सेवा त्यांच्याच घरात. सकाळी झऱ्याचं पानी, बेल, तिनीसांजंला शंख आन दिवा. कोन आलं तर गोष्ट सांगायची, नाय आलं तर गप. मी बरेच दिस जायचो, कारन तितं बिडी वढली तरी बघायला बायको येत नाय.

असं चाललेलं असताना मुंबैवरनं काशीशेट आला.

काशीशेट आमच्याच गावचा. पोर असताना पळून गेला, गोदीत मुकादम झाला, मंग कंत्राटदार. त्याच्या बायकोनं काय नवस केला व्हता, तो फळला, आन नवस व्हता गावच्या म्हादेवाचं शिखर पुरं करून कळस चढवायचा. पेनकडचे पाथरवट आले, दगड उतरला, बांबूची परांची चढली. गावाला वाटलं, धाकूनाना मोडता घालंल, भीमाचं काम तुमी कोन करनार म्हनंल. तर कसलं काय. पहिला चिरा बसला तवा त्यानं असा शंख फुंकला का गुरं दावी तोडून पळाली. त्यात माझा बैल, तो चौथ्या दिशी चौक फाट्याकडं घावला. धाकूनानाच्या बापानं, आज्यानं अर्ध्या शिखराखाली डोळे मिटले व्हते. ह्याच्या हयातीत पुरं व्हनार. पाथरवटांच्या मागं मागं फिरून त्यांना सांगायचा, अर्जुनानं हितं उजाडत आलं म्हून जरा घाई केलीय, तुमी संबाळून घ्या.

शिखर निम्म्याच्या वर गेलं तवा शेट एकदा बघायला आला आन मंडपात बसून सहज बोलल्यासारखा बोलला, का आता देऊळ मोठं झालं, लोक येतील, तर पूजा रीतसर पायजे. मुंबैकडचे एक भटजी ठरवलेत. कळस चढला का त्याच दिशी ते सेवा हाती घेतील, गाभाऱ्याशेजारच्या खोलीत ऱ्हातील. धाकूनं लई केलं, आता इश्रांती घ्यावी. कोंडाण्याला पुतन्या हाय ना त्याचा, तो संबाळंल.

समदे धाकूनानाकडं बघायला लागले. तो म्हनाला, "शेट, मुहूर्त कवाचा काढलाय?"

शेट म्हनाला, उगवतीचा.

"म्हंजे कोंबडे आरवायच्या टायमाला."

बस, तितनं पुढं तो कोंबड्यांवरच बोलला. दुपारचा मुहूर्त मागून बघितला, मुहूर्त काढनारा जोशी नाय म्हनाला. मला वाटलं, बघा, ह्याला सेवा जातीय त्याचं काय नाय, कोंबड्याचं पडलंय. मी ते वाटंत चार जनांना सांगून हसवलंबी. मला हसवायला काय, कायबी पुरतं.

कळस बसंपर्यंत कोंबडा कानावर पडता कामा नाय, येवढंच धाकूनानानं धरलं. भीमाला जे नडलं ते पुन्ना नडू द्यायचं नाय. आमच्या गावात कोंबडा नव्हता. पन ठाकरवाडीत व्हते आन वढ्यापल्याड मुसलमानांच्या मोहल्ल्यात व्हते, आन पहाटंला दोन्हीकडचं आमच्याकडं सोच्छ ऐकू येतं. धाकूनाना मला घेऊन निघाला. मला का, तर मला कोंबडा कळतो.

हे माझ्याच तोंडानं सांगायला बरं नाय, पन मला येवढी एकच इद्या येते. लिवता येत नाय, वाचता येत नाय, नांगर धरला तर तास वाकडा जातो, पन आवाज कुनाचाबी काढतो. मोर, कोकीळ, रेडकू, तलाठी. कोंबडा तर असा का खालापूरच्या बाजारात मी आरवलो तर कोंबड्या माना वर करतात. गावात मातर कधी काढला नाय, बंदी व्हती.

ठाकरवाडीत गेलो. धाकूनानानं समद्यांना बसवून पहिल्यापासनं गोष्ट सांगितली, भीमाच्या खोकल्यासकट. एक म्हातारी ठाकरीन ऐकत व्हती, तिनं इचारलं, तो आरवला तो कोंबडा कुनाचा रं? धाकूनाना जरा घुटमळला, मंग म्हनाला, तुमच्याच वाडीचा म्हंतात. म्हातारी म्हनाली, "मंग तवाच सांगायचंस ना. कापला असता." वाडी लई हसली, पन कबूल झाली. एका सकाळचं काय, म्हनाले.

मोहल्ल्यात हसनमिया, सुक्या मासळीचा धंदा. त्यांचा सुलतान नावाचा कोंबडा, गुडघ्याला लागंल येवढा. धाकूनाना त्याच्याकडं पाठ करूनच बोलायला बसला. हसनमियांनी समदं ऐकून घेतलं आन म्हनाले, "धाकू, सुलतान माझं ऐकत नाय, तुझ्या देवाचं काय ऐकनार? पन मान वर झाली नाय तर कोंबडा आरवत नाय. बुटक्या डालग्याखाली घाल, वर धोंडा ठेव." ह्या एका बोलावर धाकूनानानं ठाकरांकडनं इतभर उंचीची डालगी इनून घेतली आन कोंबडा तितकी डालगी वाटली. वाटताना प्रत्येकाचा आवाज मला सांगत चालला. सुलतान आरवायच्या आदी खाकरतो. वाडीतला लंगडा दोनदा आरवतो. त्याच्या खालच्या घरातला तांबडा शेवटाला मान टाकतो, सूर तितंच पडतो. ज्यांचं त्यानं जल्मात तोंड बघितलं नाय त्यांचं समदं त्याला ठावं. उगवतीच्या आदी रोज जागा, दुसरं ऐकायला हाय कोन.

कळसाच्या आदल्या दिशी भटजी आले. धाकूनानानं त्यांना झरा दाखवला, बेलाचं झाड दाखवलं, पिंडीवर पानी कितपत गार घालायचं ते सांगितलं. भटजी हो हो म्हनाले.

आन ती सकाळ. मला माझ्या शेतात भीमाच्या धोंड्यावर बसवलं, का कुठनं आवाज आलाच तर हाळी द्यायची आन धावत जाऊन गप करायचं. थंडी अशी का दात वाजतायत. तितनं देऊळ समोर दिसतं. परांचीवर पाथरवट, दोरखंडाला कळस, खाली शेट, शेटीन, भटजी, गाव. धाकूनाना हातात शंख घेऊन उभा. झुंजुमुंजू झालं. वाडी गप. मोहल्ला गप. तुमाला सांगतो, असली सकाळ मी कधी ऐकली नव्हती. तीन गावं आन एक कोंबडा नाय. जनू कोनीतरी बोलनार हाय आन समदे वाट बघतायत. कळस वर वर चालला, पार शिखराच्या तोंडाशी गेला.

आन माझ्या घशात खाज सुटली.

मी मुद्दाम केलं नाय असंबी नाय आन केलं असंबी नाय. येवढी गप्प सकाळ, येवढी मानसं कान टवकारून उभी, आन मला येवढी एकच इद्या येते. मला वाटलं, हसतील. मी धोंड्यावर उभा ऱ्हायलो, मान ताठ केली आन आरवलो.

कोन हसलं नाय. दोरखंड थांबला. वरचा पाथरवट शेटकडं बघतोय, शेट भटजीकडं, भटजी पंचांगात. मी धोंड्याच्या मागं खाली बसलो ते उठायचं धाडस होईना. मंग धाकूनानाचा आवाज आला, बारीक, पन सकाळ गप असल्यानं माझ्यापर्यंत आला.

"उतरवा."

शेट भडकला. एका कोंबड्यानं काय होतंय म्हनाला. मुंबैत रोज आरवतात, इमारती उभ्या हायत. धाकूनानानं शंख खाली ठेवला आन म्हनाला, "भीम थांबला. तुमी कोन?"

पाथरवटांनी तर हातच जोडले, आमी पोराबाळांचे हाय म्हनाले. कळस खाली आला, मंडपाच्या कोपऱ्यात ठेवला. शेट जेवन न करता गेला. भटजी त्याच्या पाठोपाठ गेले, दुपारची आगीनगाडी धरायला कर्जतला, का कळस नाय तर सेवा कसली.

मी घरी आलो. बायकोनं भाकर वाढली नाय. मी इचारलं, काय झालं? ती म्हनाली, मी चुलीपाशी व्हते, मला नवऱ्याचा आवाज कळत नाय का. मी म्हनालो, मस्करी केली गं. ती म्हनाली, "सात जल्माची आस व्हती त्याची. जा, पाय धरा त्याचे. नायतर मी जाते सांगायला."

उन्हं चढल्यावर गेलो. वाटंत ठरवत व्हतो, तो मारंल, तर मारू द्यायचं. गाव पांगलं व्हतं. परांची तशीच. धाकूनाना गाभाऱ्याच्या उंबऱ्यात बसला व्हता, पुढ्यात एक बोचकं, जुन्या लुगड्यात बांधलेलं. त्याच्या गाठीशी त्याची बोटं चालली व्हती. मी लांबच बसलो आन सांगून टाकलं, का तो कोंबडा मी व्हतो.

त्यानं वर बघितलं नाय.

"सुलतान आदी खाकरतो," तो म्हनाला. "लंगडा दोनदा आरवतो. तांबडा मान टाकतो. तुझा शेवटाला हसत व्हता."

म्हंजे त्याला उभ्या उभ्याच कळलं व्हतं. मी म्हनालो, नाना, मंग उतरवा म्हून का सांगितलंत?

त्यानं बोचकं माझ्याकडं सरकवलं.

"ही गाठ सोड रं गन्या. काल घट्ट बसलीय. माझ्या बोटांना गावंना."

मलाबी गावंना. शेवटी दातांनी सोडली. आत एक धोतर, तांब्या, नवी वात, आन एक लाकडाची फनी, बाईमानसाची, तीन दात पडलेली. धोतर त्यानं खुंटीला टाकलं. तांब्या झऱ्याच्या घागरीवर पालथा घातला. फनी घेऊन आत गेला. दिव्याच्या मागं कोनाडा हाय, काजळीनं काळा झालेला, त्यात फनीयेवढी जागा गोरी ऱ्हायली व्हती. त्यानं फनी तितं ठेवली, जरा सरकवली, बरोब्बर बसली.

"दिव्यात तेल हाय का बघ," तो म्हनाला.

मी बघितलं. व्हतं.